बस माँटगोमेरीची, बैलगाडी मसूरची

डोंबिवलीत जवळजवळ प्रत्येक इमारतीत एक तरी घर असं असतं, की ज्यातलं एखादं मूल अमेरिकेत स्थायिक झालेलं आहे. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींची नात तिकडे तिसरीत होती. तिने शाळेत एक छोटं नाटुकलं केलं, त्याचा व्हिडिओ आजी कौतुकाने सगळ्यांना दाखवत होत्या. डोक्याला रुमाल बांधलेली, हातात कंदील घेतलेली ती चिमुरडी हॅरिएट टबमन झाली होती. ही बाई गुलामीतून स्वतः पळाली आणि मग इतरांना सोडवायला पुन्हा पुन्हा मागे गेली, असं मी आजींना सांगितलं. आजी म्हणाल्या, “अगं बाई! आणि एवढ्याशा पोरांना हे शिकवतात?”

शिकवतात. कार्टर वुडसन या कृष्णवर्णीय इतिहासकाराने १९२६ मध्ये फेब्रुवारीतला एक आठवडा आपल्या लोकांच्या इतिहासासाठी राखून ठेवला. पुढे १९७६ पासून त्याचा महिना झाला. तिकडच्या प्राथमिक शाळांमधून या महिन्यात अशी पाच-सात मिनिटांची नाटुकली होतात.

मी मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. आमच्याकडे फेब्रुवारी म्हणजे स्नेहसंमेलन उरकलेलं, वार्षिक परीक्षा अजून लांब, मुलांच्या अंगात नाटकाचा वारा शिल्लक. परिपाठाला रोज सुविचार, दिनविशेष आणि बोधकथा होतेच. आठवड्यातून एकदा बोधकथेच्या जागी नाटुकलं करावं असं मी मुख्याध्यापिकाबाईंना सुचवलं. त्यांनी एकच विचारलं, “माइक लागेल का?” माइक लागणार नव्हता.

पहिलं केलं ते कृष्णवर्णीय अमेरिकन शास्त्रज्ञ कार्व्हरचं. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली आलं आणि तेव्हापासून मराठी घरांत हा माणूस नात्यातल्यासारखा वावरतो. मुलांच्या आयांनी ते वाचलेलं होतं, काहींच्या आजोबांनीसुद्धा. त्यामुळे भुईमुगाच्या शेंगांपासून जुन्या कंदिलापर्यंत सगळं सामान घरूनच आलं. गुलाम आईच्या पोटी जन्म, आईला टोळीने पळवून नेणं, घोड्याच्या बदल्यात परत मिळालेलं आजारी बाळ, शाळेसाठी वणवण आणि शेवटी टस्कीगीची प्रयोगशाळा. सगळ्यांना फार आवडलं. पण आवडलं ते ‘कष्ट केले की यश मिळतं’ म्हणून. त्या बाळाला शाळा का मिळत नव्हती, हा प्रश्न घोडा आणि शेंगांच्या गडबडीत मागेच राहिला. म्हणून दुसरं नाटुकलं असं निवडलं, की ज्यात यशापेक्षा नकार मोठा आहे. रोझा पार्क्स.

इथे खरी मजा आली. १ डिसेंबर १९५५, अलाबामातलं माँटगोमेरी शहर. कामावरून घरी निघालेली बेचाळीस वर्षांची शिवणकाम करणारी कृष्णवर्णीय बाई बसमध्ये बसली आहे. गोरे उतारू वाढले म्हणून चालक तिला उठायला सांगतो. ती उठत नाही. पोलीस येतात. एवढाच प्रसंग. मी तो सांगितला आणि वर्गातून पहिला प्रश्न आला, “बाई, तिच्याकडे तिकीट होतं ना?” होतं, म्हटलं. दुसरा, “मग फर्स्ट क्लासमध्ये चढली होती का?” मुलं रोज आईबापांचं लोकलचं बोलणं ऐकतात, त्यांना जागेवरून होणारी भांडणं माहीत आहेत. तिसरा प्रश्न मात्र वेगळा होता. एक मुलगी म्हणाली, “पण बाई, उभ्या माणसाला जागा द्यावी असं तुम्हीच सांगता. रोझाबाईंनी नाही दिली, मग त्या चांगल्या कशा?”

याचं उत्तर भाषणाने देता आलं नसतं. मी वर्गातली बाकं दोन रांगांत लावली आणि एकेकाला बसवलं. आधी उभ्या असलेल्याने म्हणायचं, “ताई, पाय दुखतायत, थोडं सरकता का?” ताई सरकायच्या, लोकलसारखी चौथी सीट तयार व्हायची. मग तोच प्रवेश पुन्हा, पण आता उभ्या असलेल्याने काही मागायचंच नाही. तिसऱ्या कोणीतरी येऊन फक्त म्हणायचं, “ऊठ. तू इथे बसायचं नाहीस.” ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिलाच मी बसवलं. ती उठली नाही. का उठली नाहीस, विचारलं, तर म्हणाली, “तो मागत नव्हता. तो सांगत होता.”

बाकी तालमी धमाल होत्या. आमच्याकडची मुलं नाट्यछटा स्पर्धांमधून तयार झालेली असतात. त्यामुळे तोंड उघडलं की स्पर्धेचा आवाज लागतो, हात हवेत जातो, शेवटच्या वाक्याला डोळ्यांत पाणी आणायचं असतं. रोझाबाईंना इतकं किंचाळून ‘नाही’ म्हणायला लावलं होतं एका मुलीने, की शेजारच्या वर्गातून बाई बघायला आल्या. मी तिला सांगितलं, आई दुसऱ्यांदा पोळी वाढायला आली की तू कशी ‘नको’ म्हणतेस, तसं म्हण. ते जमलं. कंडक्टरचं पात्र माझ्या संहितेत नव्हतं, मुलांनी घातलं. त्याने एका तालमीत रोझाबाईंना “कुठे उतरणार?” असं विचारलं आणि त्यांनी “ठाणे” म्हणून सांगितलं. ते काढून टाकायला माझं मन झालं नाही.

एक गोष्ट मात्र मी हट्टाने सांगितली, की रोझा पार्क्स ही केवळ दमलेली साधी बाई नव्हती. ती हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेची शहरातली चिटणीस होती. त्याच वर्षी मार्च महिन्यात क्लॉडेट कोल्व्हिन या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलीनेही जागा सोडायला नकार दिला होता आणि तिलाही अटक झाली होती. आणि रोझाच्या अटकेनंतर शहरातले कृष्णवर्णीय लोक ३८१ दिवस बसमध्ये चढले नाहीत, चालत कामावर गेले. शेवटच्या प्रवेशात आमच्या मुलांनी मैदानाला फेऱ्या मारल्या. ‘एकटी शूर बाई’ हे मुलांना पटकन आवडतं, पण वर्षभर चालणारे पाय दाखवले नाहीत तर गोष्ट अर्धीच राहते.

रंगाचा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. एका पालकांनी स्नेहसंमेलनाच्या रंगभूषाकाराला विचारूनही ठेवलं होतं, काळा रंग किती मिळेल म्हणून. मी नको म्हटलं. काळ्या कातडीचा वेश करायचा नाही. तिकडच्या रंगमंचावर गोऱ्या नटांनी तोंड काळं करून कृष्णवर्णीयांची टिंगल केली, तो फार घाणेरडा इतिहास आहे. शिवाय आपल्याकडे तोंडाला काळं फासणं म्हणजे काय, ते मुलांनाही माहीत आहे. आणि आमच्याच वर्गातल्या सावळ्या मुलींना हळद-साय लावायला सांगणाऱ्या मावश्या-काकवा कमी नाहीत. मग कोण गोरं, कोण काळं हे कसं दाखवायचं? मुलांनी मार्ग काढला. बाकांच्या मधोमध उड्या मारायची दोरी बांधली. दोरीच्या पुढे असणारे ते गोरे, मागचे ते काळे. कोण कुठे जाणार ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं आणि दुसऱ्या तालमीला उलटायचं. दोरीच्या पुढे बसायला मिळालं म्हणून आधी नाचणारा एक मुलगा दोन तालमींनंतर म्हणाला, “बाई, पुढे बसून मला काही करायलाच नाहीये.” नाटकाच्या दृष्टीने त्याची तक्रार अगदी बरोबर होती.

मध्येच एक आठवडा मलिक अंबर केला, कारण शिवछत्रपतींच्या पुस्तकामुळे निजामशाही आणि शहाजीराजे मुलांच्या ओळखीचे असतात. इथिओपियात जन्मलेला, बाजारात विकला गेलेला मुलगा दख्खनेत येतो, निजामशाहीचा कारभार हाती घेतो, मोगलांना जेरीला आणतो आणि खडकी वसवतो, तेच पुढचं औरंगाबाद. मुलांना हे सगळं तलवारीसाठी हवं होतं. पुठ्ठ्याच्या तलवारी इतक्या मोडल्या, की त्यातून इतिहास फारसा हाती लागला नाही. ‘आफ्रिकेतला माणूस आपल्याकडे एवढा मोठा झाला?’ एवढं आश्चर्य मात्र टिकलं.

यानंतर मी मसूर घेतलं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या टिपणांत लहानपणीचा एक प्रवास लिहून ठेवला आहे. साल १९०१, वय नऊ. वडील दुष्काळी कामावर रोखपाल होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांना भेटायला भीमराव, मोठा भाऊ आणि भाचे साताऱ्याहून आगगाडीने निघाले. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं. मसूर स्टेशनात उतरले, पण न्यायला कोणी आलं नव्हतं. वडिलांपर्यंत पत्र पोचलंच नव्हतं. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने चौकशी करतो. जात कळताच त्याचा चेहरा बदलतो. गाडीवाले न्यायला तयार होत नाहीत. शेवटी ठरतं ते असं, की दुप्पट भाडं द्यायचं, बैलगाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार. बरोबर डबा आहे, पण रात्रभर प्यायला पाणी मिळत नाही.

स्टेशन, उशीर, न्यायला कोणी न येणं, डबा आहे आणि पाणी नाही. आमच्या मुलांना यातलं काहीच परकं नव्हतं. “स्टेशनवर नळ नव्हता का?” या प्रश्नापासून तालीम सुरू झाली. माँटगोमेरी नकाशात शोधावं लागलं होतं, मसूर नाही. एकाचा मामा कराडला राहतो, तो त्या स्टेशनावरून जातो.

आणि फोनही सुरू झाले. रोझा पार्क्सच्या वेळी पालकांच्या ग्रुपवर अंगठ्यांची रांग लागली होती. आता एकाने विचारलं, “मॅडम, एवढ्या लहान मुलांना जात कशाला शिकवायची?” दुसऱ्याने आडून विचारलं, “आमच्याकडे कोणतं पात्र आलंय?” अमेरिकेतल्या बसमधल्या भेदभावाने इथे कोणाचंही काही बिघडत नव्हतं. मसूरच्या गाडीवानाचे वंशज मात्र कल्याणपासून ठाण्यापर्यंत कुठेही असू शकत होते. दूरच्या अन्यायाला टाळ्या वाजवायला काही लागत नाही.

एक फोन वेगळा होता. भीमरावांची चिठ्ठी ज्याला आली होती, त्या मुलाच्या आईचा. तिने आधी विचारलं, “हे पात्र त्यालाच का दिलंत?” चिठ्ठी निघाली होती, वर्गासमोर, हे मी सांगितलं. ती थोडं थांबून म्हणाली, “बाई, आम्ही बाबासाहेबांची जयंती जोरात करतो. पण हे असं, पाणी न मिळण्याचं, आम्ही त्याला अजून सांगितलं नव्हतं. ते आमच्या तोंडून आधी कळायला हवं होतं.” यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. प्रयोग आठवडाभर पुढे ढकलला. तो मुलगा घरून ऐकून आला आणि म्हणाला, त्याला स्टेशनमास्तर व्हायचंय, कारण त्याच्याकडे झेंडा असतो. झाला स्टेशनमास्तर. चेहरा बदलण्याची जागा त्याने सगळ्यांत चांगली केली.

प्रयोगाआधी मुख्याध्यापिकाबाईंनी पालकांना बोलावलं. मी दोनच गोष्टी सांगितल्या. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली, ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. म्हणजे हे दोन इतिहास शेजारी ठेवायची कल्पना माझी नव्हे, दीडशे वर्षांपूर्वीची आहे. दुसरी गोष्ट मार्टिन ल्यूथर किंग यांची. १९५९ मध्ये ते भारतात आले. केरळातल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख ‘अमेरिकेतले एक अस्पृश्य’ अशी करून दिली. आधी त्यांना धक्का बसला, मग विचार केल्यावर ते खरंच आहे असं वाटलं, हे त्यांनी पुढे १९६५ मध्ये एका प्रवचनात सांगितलं. त्या शाळेतली मुलं अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरांतली होती. सगळ्या पालकांना पटलं असं नाही. दोन मुलं प्रयोगाच्या दिवशी ‘आजारी’ होती.

आपल्या बालरंगभूमीवर राजे, चेटकिणी, राक्षस भरपूर आहेत आणि मला ते आवडतातही. पण ‘अलबत्या गलबत्या’ लिहिणाऱ्या रत्नाकर मतकरींनीच उतारवयात ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेबरोबर ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला आणि वस्त्यांमधल्या मुलांना स्वतःच्या जगण्यावर नाटकं करायला लावली. तिथली मुलं माझ्या मुलांपेक्षा मोठी असतात आणि धीटही. आमच्या चौथीच्या वर्गाला तेवढं जमणार नाही. दोन बाकं, एक दोरी आणि चिठ्ठ्या एवढं जमतं.

शिक्षक मित्रमैत्रिणींना एवढंच सांगायचं आहे. रोझा पार्क्स जरूर करा, मुलांना ती फार आवडते. पण त्याच परिपाठाला, लगेच पाठोपाठ, मसूरही करा. पात्रं चिठ्ठीने वाटा, कोणाच्याही तोंडाला रंग लावू नका, आणि चिठ्ठ्या उघडण्याच्या आधी पालकांना घरी बोलायला एक आठवडा द्या.