पाच रात्री, सहा दिवस आणि एक गाव

सहलीच्या माहितीपत्रकातला समुद्र आणि खरा समुद्र यांत फरक असतो. माहितीपत्रकातल्या समुद्रावर माणसं नसतात. असलंच तर एखादं जोडपं असतं आणि तेही पाठमोरं. तोंडं दिसली तर त्यांचं आपापसात काय चाललंय ते कळायचं! शेजारी एक नारळाचं झाड वाळूवर वाकलेलं असतं. नारळाचं झाड वाकलेलं असलं की ते पर्यटनाचं आणि सरळ असलं की उत्पन्नाचं, असा एक ढोबळ नियम आहे. आमचं मूळ गाव रत्नागिरीकडचं, त्यामुळे आमच्या नशिबी आजवर सगळी सरळ झाडंच आली. तेव्हा आईवडिलांना एकदा वाकलेलं झाड दाखवावं असं आमच्या चिरंजीवांच्या मनात आलं आणि माझ्या साठीचं निमित्त करून त्यांनी आम्हां दोघांची मॉरिशसची सहल परस्पर ठरवून टाकली.

"अहो, समुद्र बघायला समुद्र ओलांडून जायचं?" ही म्हणाली. पण पैसे परत मिळत नाहीत हे कळल्यावर विरोध मावळला. मराठी माणसाला घराबाहेर काढण्याची जी ताकद परत न मिळणाऱ्या पैशांत आहे, ती निसर्गसौंदर्यात नाही.

सहल पाच रात्री, सहा दिवसांची होती. पत्रकात दोन रकाने होते. 'समाविष्ट' या रकान्यात विमान, हॉटेल, नाश्ता, रात्रीचं भारतीय जेवण आणि एक टोपी. 'असमाविष्ट' या रकान्यात माणसाला परदेशी गेल्यावर जे जे करावंसं वाटतं ते सर्व. दोन्हींच्या खाली आपण सही करायची. मी केली.

मुंबईहून विमानानं सहा तास. घड्याळ दीड तास मागे घ्यायचं. बेट एवढं लहान की आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात अशी चार बसावीत. रस्त्याला वाहनं डावीकडून, दोन्ही अंगांना ऊस, आणि शेतांच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठाले ढीग. आमच्या गटात पुण्याचे एक निवृत्त बँक मॅनेजर होते. नोकरीत त्यांच्या इतक्या बदल्या झाल्या होत्या की महाराष्ट्रातलं कुठलंही गाव काढा, ते तिथल्या शाखेत असायचेच. विमानतळावरून बस निघाली तशी ते मोठ्यानं म्हणाले, "हा ड्रायव्हर लांबच्या रस्त्यानं नेतोय. परदेशात गेलं तरी जात तीच!"

"नाही महाशय," पुढून आवाज आला, "हाच मार्ग जवळचा आहे."

बसमध्ये एकदम शांतता. 'महाशय' हा शब्द मी शेवटचा ऐकला तो शाळेच्या नाटकात. ड्रायव्हर पन्नाशीचा, सावळा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. त्याचे पूर्वज आपल्याकडचे. घरात सगळे क्रिओल बोलतात. मराठी तो शाळेत शिकला आणि आरत्या पाठ आहेत, असं त्यानं सांगितलं. मग पुढे सहा दिवस एक चमत्कार चालू राहिला. आम्ही त्याला "टाइम किती झाला?" म्हणून विचारायचो आणि तो "साडेचार वाजले आहेत" म्हणून सांगायचा. नाशिकच्या काकू म्हणाल्या, "आपलं मराठी ऐकून बिचाऱ्याचं मराठी बिघडायचं हो!"

प्रेक्षणीय स्थळांचं एक असतं, ती बघण्यापेक्षा मोजण्याकडे आपला कल. शामारेलला सात रंगांची माती आहे. ज्वालामुखीचा काळा खडक झिजून झिजून त्याची माती झाली आणि त्यातल्या लोखंडा-ॲल्युमिनियममुळे तांबडे, तपकिरी, जांभळे असे पट्टे पडले. पाऊस कितीही कोसळला तरी रंग एकमेकांत मिसळत नाहीत. कुंपणाबाहेर उभं राहून आमच्या गटानं अर्धा तास रंग मोजले. कुणाचे पाच भरले, कुणाचे सहा. काकूंचे मात्र नऊ भरले, कारण त्यांची साडीशी तुलना करायची पद्धत होती आणि साडीच्या रंगांत 'मोरपिशी' आणि 'रामा' वेगळे मोजतात. मॅनेजरसाहेबांना सहाच सापडले. हिशेब जुळेपर्यंत ते बसमध्ये चढायला तयार होईनात.

गंगा तलावावर शंकराची १०८ फुटी मूर्ती आहे. हा तलाव म्हणजे जुन्या ज्वालामुखीचं मुख. १९७२ साली गंगेचं पाणी आणून त्यात मिसळलं आणि तलावाची गंगा झाली. महाशिवरात्रीला बेटभरातून लोक इथे पायी येतात. आम्ही वातानुकूलित बसमधून गेलो, आणि आमच्या हातातला प्रसाद माकडांनी नेला. पांपलमूसच्या बागेत परातीएवढी कमळाची पानं पाहिली, राजधानीच्या संग्रहालयात डोडोचा सांगाडा पाहिला. डच लोक १५९८ साली इथे उतरले आणि शंभर वर्षांच्या आत हा पक्षी जगातून नाहीसा झाला. त्याला उडता येत नव्हतं आणि माणसाची भीती माहीत नव्हती. "सरळमार्गी होता हो," ही म्हणाली. तिनं एवढ्या सहानुभूतीनं माझ्याविषयीसुद्धा कधी उद्गार काढल्याचं आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी 'साहस' होतं. हवेत उडणं, दोरीवरून दरी ओलांडणं आणि समुद्राखाली चालणं, यांतलं एक निवडायचं. चालणं हा शब्द ओळखीचा वाटला म्हणून आम्ही ते घेतलं. होडीच्या शिडीवरून पाण्यात उतरायचं, खांद्यावर पिंपाएवढं शिरस्त्राण ठेवतात, त्यात नळीनं वरून हवा येते. खोली दोन पुरुष. पोहता येत नसलं तरी चालतं. चेहरा कोरडाच राहतो, त्यामुळे चष्मासुद्धा काढावा लागत नाही. शिडीवर माझे गुडघे मला न विचारता थरथरत होते. ही मात्र मंडईत शिरावं तशी तळाशी पोचली. पिवळे-काळे पट्टेवाले मासे तिच्याभोवती जमले. ती एकेकाकडे चष्म्यातून निरखून बघत होती. वर आल्यावर म्हणाली, "दिसायला बरे आहेत, पण खायचा एक नाही."

मॅनेजरसाहेबांचं मात्र तिथे वेगळंच नाट्य झालं. पाणबुड्यांच्या भाषेत अंगठा वर केला की अर्थ होतो 'मला वर न्या.' साहेबांनी खाली पोचताच खुशीत येऊन 'छान आहे' म्हणून अंगठा वर केला. पाणबुड्यानं त्यांना तत्परतेनं वर नेलं. ते पुन्हा खाली आले, पाणबुड्याचे आभार मानायला अंगठा वर केला, पुन्हा वर. वीस मिनिटांत त्यांनी समुद्राचा तळ असा फारसा पाहिला नाही. पण शिडी मात्र त्यांच्याइतकी कुणीच पाहिली नाही.

आता जेवण. समाविष्ट जेवण हॉटेलात रोज रात्री होतं. त्यात जगातल्या कुठल्याही हॉटेलात भारतीय म्हणून जे वाढतात तेच होतं: लाल रश्श्यात पनीर, पिवळ्या रश्श्यात पनीर. चौथ्या दिवशी ही ड्रायव्हरला म्हणाली, "भाऊ, तुम्ही स्वतः काय खाता ते दाखवा." 'भाऊ' म्हटल्यावर तो माणूस क्षणभर गप्पच झाला. मग त्यानं बस पोर्ट लुईच्या मध्यवर्ती बाजाराकडे वळवली. हे असमाविष्ट होतं.

एका गाड्यावर दालपुरी मिळत होती. पुरणपोळीतला गूळ काढून हळद-मीठ घातलं तर जे होईल ते. मऊसूत, लुसलुशीत, आत शिजवून वाटलेली डाळ. कायम जोडीनं देतात. वर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोची चटणी आणि डोळ्यांतून पाणी काढणारी मिरची. पलीकडे 'गातो पिमा', म्हणजे मिरचीचा केक! केक कसला, डाळवडाच तो, आणि इथले लोक सकाळी तो पावात घालून खातात. हे ऐकल्यावर आमच्या गटानं टाळ्या वाजवल्या. शेवटी 'आलूदा', म्हणजे सब्जा घातलेला आपला फालुदा. सातासमुद्रापार येताना त्याचा फक्त 'फ' पाण्यात पडला होता.

भाजीबाजारात तर ही हरवलीच. भेंडीला 'लालो', कारल्याला 'मार्गोज', दोडक्याला 'पिपांगाय', कोथिंबिरीला 'कोतोमिली'. नावं वेगळी, भाज्या सगळ्या घरच्या. शेवग्याचा पालासुद्धा होता. "एवढं सगळं इथे आणलं कुणी हो?" तिनं ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, "चला, दाखवतो. जवळच आहे."

बंदराच्या काठी आप्रवासी घाट आहे. काळ्या दगडी पायऱ्या, काही खोल्यांच्या भिंती, बस्स. आमच्या पत्रकात त्याला वीस मिनिटं दिली होती. १८३४ साली हिंदुस्थानातून मजुरांची पहिली तुकडी या बंदरात उतरली आणि १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं आली. पुढे हा घाट बांधला तेव्हा येणाऱ्याला याच पायऱ्या चढून जावं लागे. आपल्याकडे गिरमिट म्हणजे सुताराचं भोक पाडण्याचं हत्यार. यांचं गिरमिट म्हणजे 'ॲग्रीमेंट', करार. सुरुवातीचे करार पाच वर्षांचे, पगार महिन्याला पाच रुपये. समाविष्ट : तांदूळ, डाळ, मीठ, अंगावरचे कपडे. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापायचा. छत्तीस वर्षं लोकांच्या रजा मंजूर-नामंजूर केलेले आमचे मॅनेजरसाहेब हे ऐकून टोपी काढून उभे राहिले. तिथे दगड उलटला की खाली सोनं सापडतं, असं दलालांनी या लोकांना सांगितलं होतं म्हणतात. ते दगड यांनीच शेतांतून वेचून काढले. रस्त्यानं येताना पाहिलेले काळे ढीग ते हेच. खाली सोनं नव्हतं, ऊस लावला.

मग ड्रायव्हरनं खिशातून प्लास्टिकमध्ये जपलेला एक कागद काढला. आलेल्या मजुरांच्या नोंदवह्या मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. तिथून त्यानं आपल्या खापरपणजोबांच्या नोंदीची नक्कल मिळवली होती. नाव, बापाचं नाव, वय, उंची, कपाळावर व्रण. कारकुनानं पणजोबांचं पहिलं नावच आडनाव म्हणून लिहिलं, तेही कानाला आलं तसं. घराणं आजही तेच लावतं. जिल्हा 'रटनाघेरी'. आणि गावाच्या जागी इंग्रजीत, साहेबी वळणाच्या अक्षरांत 'कोलुंबा' की 'कलंबा' असं काहीतरी.

"आपण तिकडचे आहात ना?" तो मला म्हणाला. "हे गाव कोणतं? मी प्रत्येक बसला विचारतो."

कार्यक्रमपत्रिकेतली वीस मिनिटं केव्हाच संपली होती. घाटाच्या सावलीत आमचे बावीस चष्मे त्या कागदावर वाकले. मी म्हटलं, हे कोळंबे. मॅनेजरसाहेब चिपळूण शाखेत होतेच, ते म्हणाले, "छे, कळंबस्ते! मी तिथे कर्जवसुलीला गेलोय." गटातले एक मास्तर 'कळंबट' म्हणून अडून बसले, आणि काकूंच्या जाऊबाईंचं माहेर संगमेश्वराकडचं असल्यामुळे त्यांनी 'कळंबुशी' मांडलं. कोळंबेसुद्धा एक नव्हे, दोन निघाली. भांडण असं रंगलं की हॉटेलचं जेवण थंड झालं आणि कुणालाही त्याचं दुःख झालं नाही. आम्ही सहा दिवसांत रंग मोजले, मासे मोजले. पण अख्ख्या गटानं जीव ओतून केलेलं काम हे एवढंच.

निकाल लागला नाही. ज्या कारकुनाला कान नव्हता त्याच्या लेखणीपुढे आम्ही बावीस जण हरलो. पण ड्रायव्हर मजेत होता. त्यानं कागदाच्या मागे सुवाच्य, शाळकरी अक्षरात सगळी नावं देवनागरीत लिहून घेतली. म्हणाला, "आजपर्यंत एकही गाव नव्हतं. आता पाच झाली."

"मग या की बघायला," ही म्हणाली.

"गणेश चतुर्थीला येतो. आमच्या देशात त्या दिवशी सार्वजनिक सुटी असते."

"एका दिवसात कसं होणार, भाऊ? पाच गावं आहेत. पाच रात्री, सहा दिवस ठेवा." आणि मग माझ्याकडे न बघताच तिनं घोषणा केली, "राहणं-जेवणं आमच्याकडे. सगळं समाविष्ट!"