स्नोरीच्या तळघरापाशी

रेकहोल्टला पोचलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. समोर दगडी बांधणीचे लहानसे गोल कुंड, त्यातून वाफा निघत होत्या. मागे टेकाडात शिरणारे भुयाराचे दार.

आइसलंडमधल्या या गावाचे वेड मला एका कादंबरीने लावले. पोल अँडरसनची 'द ब्रोकन स्वॉर्ड', १९५४ सालची. उपसली की बळी घेतल्यावाचून न राहणारी शापित तलवार आणि देवांच्या डावात चिरडली जाणारी माणसे! इतका काळोख या लेखकाने आणला कुठून?

त्याचे मूळ इथे आहे. इ. स. १००० च्या सुमारास आइसलंडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे जुन्या देवांच्या कथा कवींना उमगेनाशा होऊ नयेत, म्हणून १२२० च्या सुमारास स्नोरी स्टुर्लुसनने त्या 'एड्डा' ग्रंथात लिहून ठेवल्या. लांडगा आपल्याला गिळणार हे ठाऊक असूनही त्यातला ओडिन रणात उतरतो.

स्नोरीचे तसे झाले नाही. १२४१ च्या सप्टेंबरात एका रात्री नॉर्वेच्या राजाच्या इशाऱ्यावरून मारेकरी आले. तो तळघरात लपला होता. वार करू नका, अशी त्याने विनवणी केल्याचे जुनी बखर सांगते. त्यांनी ऐकले नाही. त्याच नॉर्वेने १९४७ साली त्याचा पुतळा इथे भेट दिला!

मला त्या विनवणीत भ्याडपणा दिसला नाही. निडर देवांच्या कथा राखणारा अखेर आपल्यासारखाच माणूस होता. पुतळ्यापाशी मी फार थांबलो नाही. कुंडाच्या काठी मात्र बराच वेळ बसलो. पावणेआठशे वर्षांनंतरही तिथली वाफ ऊनच होती.