पैनगंगेपलीकडची कथा

पांढरकवड्याहून दक्षिणेस जाणारी वाट पैनगंगा ओलांडते आणि प्रवासी तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात पाऊल टाकतो. राज्य बदलले तरी मराठी कानांवर पडतच राहते. गेल्या दिवाळीच्या सुमारास इंद्रवेल्लीकडील एका गोंड वस्तीवर जाण्याचा योग आला. सोबत माझा बारा वर्षांचा भाचा होता. तो जन्मांध आहे. आमच्या गावी नाटक झाले तेव्हा, "तुला तेथे काय दिसणार?" असे म्हणून मीच त्याला घरी ठेविले होते.

ह्या मुलखात राजगोंडांच्या कुळकथा परधान सांगतात. परधानांची घरची भाषा मराठी, आणि कमानीने वाजवावयाची किकरी हे त्यांचे वाद्य. त्या दुपारी एका वृद्ध परधानाने गुहेत कोंडलेल्या गोंड देवांची व त्यांना सोडविणाऱ्या पहांदी कुपार लिंगोची कथा लावली. शब्द थांबत तेथे किकरी बोले. कथा संपताच त्याने ते वाद्य भाच्याच्या मांडीवर ठेविले.

रात्री दंडारी निघाली. तिच्यात गुसाडी नाचतात. मोरपिसांचा भला थोरला टोप, अंगाला राख, खांद्यावर कातडे, हाती काठी असा त्यांचा थाट. ह्याच नृत्याचे गुरू कनक राजू ह्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. २०२४ साली ते निवर्तले. ढोलांचा ठेका भुईतून तळपायांत चढत होता. बहिऱ्यासही तो कळावा. गुसाडीच्या काठीच्या स्पर्शाने व्याधी हटते, अशी तेथील श्रद्धा. एक गुसाडी भाच्यापुढे वाकला. पिसे मुलाच्या हातांत आली, बोटांना राख लागली.

परतताना भाचा म्हणाला, "मामा, मोर एवढा मऊ असतो, हे तुम्ही कधी सांगितले नव्हते."

मी निरुत्तर झालो. त्याला दृष्टी देणे माझ्या हाती नव्हते. एक मोरपीस देणे मात्र होते.

वाचकहो, कला व करमणूक ह्यांवरील अपंगांचा हक्क २०१६ च्या कायद्याने मान्य केला आहे. पण कायदा काही घरच्या ओटीवर बसून कथा सांगत नाही. ते काम आपले. येत्या नाताळात आमच्या घरचा गोठा भाचाच मांडणार आहे. गवत, माती, मेंढरांची लोकर, सारे त्याच्या हातांखालून जाईल. आणि कथा तो सांगेल, आम्ही ऐकू.