किती टाकू, काका?

गेल्या दिवाळीआधीची गोष्ट. बोलेरो पिकअपमध्ये सोयाबीनची पोती भरून आम्ही दोघं बार्शीच्या आडतीला निघालो होतो. वाटेत डिझेलला थांबलो. पंपावरच्या पोरानं आत डोकावून पाहिलं, त्याची नजर माझ्यावरून पलीकडं गेली आणि त्यानं ह्यांना विचारलं, "काका, किती टाकू?" स्टिअरिंगवर मी, टाकीची चावी माझ्या हातात. हे म्हणाले, "काकू चालवतेत, काकूला विचार." पोरगं ओशाळलं. मला त्याचा राग आला नाही. त्याला जे दाखवलं गेलं तेच त्यानं पाहिलं.

माझे वडील येरमाळा-बार्शी काळीपिवळी जीप चालवायचे. चैत्री पौर्णिमेला येडाई देवीच्या यात्रेत त्यांना जेवायलाही उसंत नसे. यात्रा सरली की मला माळावर नेऊन ते गाडी शिकवत. चढाला गाडी उभी करायची आणि हँडब्रेक न लावता नुसत्या हाफ क्लचवर धरून ठेवायची. वीतभर मागं सरकली की म्हणत, "उतर, उद्या बघू." मी तेव्हा नववीत होते. लग्न होऊन तेरखेड्याला आले आणि पुढची बावीस वर्षं स्टिअरिंगला हात लावला नाही. कुणी मनाई केली नव्हती, पण कुणी विचारलंही नव्हतं.

मग ह्यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. क्लच दाबवेना. पिकअप अंगणात उभी आणि सोयाबीन घरात. मी धाकट्या दिराला शेजारी बसवून दोन दिवस शेताच्या वाटेनं गाडी फिरवली. तिसऱ्या दिवशी पाय आपोआप आठवू लागले. लायसन काढलं. आडतीवर एकानं काळजीनंच सांगितलं, "वहिनी, मालाच्या गाडीला वेगळं लायसन लागतं." लागत नाही. साडेसात टनांच्या आतली मालगाडी साध्या चारचाकीच्या लायसनवर चालते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर 2024 मध्ये दिला आहे. तो कागद मी गाडीत ठेवते.

आमचं गाव फटाक्यांचं. सोलापूर-धुळे हायवेनं जाणाऱ्यांना रस्त्याकडेची दुकानं ठाऊक आहेत. इथल्या बाया कारखान्यात कागदाच्या नळ्या वळतात, दारू भरतात, वाती लावतात. संध्याकाळी घरी येताना त्यांचे हात मनगटापर्यंत चंदेरी-काळे झालेले असतात. इथं स्फोट झालेत, माणसं गेलीत. त्या कामाला 'बायकांचा हात हलका असतो' म्हणून बायाच बऱ्या वाटतात. तेच हात गिअरवर दिसले की लोक रस्ता सोडून बाजूला होतात. हे मला कधीच पटलं नाही आणि पटणारही नाही.

पण ह्याची दुसरी बाजू मला माझ्याच घरात दिसली. लेक लातूरला नर्सिंगला गेली, तिची गुलाबी स्कूटी घरी राहिली. गिअर नाही, किक नाही, बटण दाबलं की चालू. गुडघ्याला याहून सोपं काय असणार? ह्यांनी ती एकदाच चौकात नेली. कुणीतरी हाक मारली, "काय, लेडीज गाडी घेतली व्हय?" दुसऱ्या दिवसापासून हे लंगडत चालत दुकानाला जायला लागले. रात्री गुडघा सुजायचा. मी मिठाच्या गरम पाण्यानं शेकायची आणि मला रडू यायचं. एका शब्दासाठी माणूस एवढं दुखणं सोसतो.

माझ्या सासऱ्यांकडं लूना होती. पुण्याच्या कायनेटिकनं 1972 साली ती आणली. तिलाही गिअर नव्हता. सासरे मास्तर होते. तिच्यावरून शाळेत जायचे, येताना पेंड आणायचे. दूधवाले, पोस्टमन, सगळे लूनावर. तेव्हा ती कुणाला बायकांची वाटली नाही. मग बिनगिअरची गाडी बायकांची झाली कधी? दुकानात रंग वेगळे आले, पोस्टरवर मुली आल्या, तेव्हा. आता तसंच थारचं झालंय. गावातल्या पोरांना वाटतं, ती गाडी मिशी असलेल्यानंच चालवावी.

मी ह्यांना मोबाइलवर दोन फोटो दाखवले. एक साताऱ्याच्या सुरेखा यादव यांचा. 13 मार्च 2023 ला त्यांनी सोलापूरहून मुंबईपर्यंत वंदे भारत नेली. दुसरा पुण्याच्या डायना पंडोले यांचा. दोन लेकरांची आई. 2024 साली राष्ट्रीय कार रेसिंग स्पर्धेत सलून गटात ती पहिली आली. हे बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "रेल्वेला काय ठाऊक, कोण चालवतंय ते." त्या शुक्रवारी त्यांनी स्कूटी काढली, पायाशी सरकी पेंडीचं पोतं ठेवलं आणि चौकातूनच घरी आले.

गुलाबी रंग तसाच आहे. बदलू का म्हणून मी विचारलं, तर नको म्हणाले.

रविवारी सकाळी सहाला मी पिकअप माळावर नेते. आत्तापर्यंत गल्लीतल्या तिघी शिकायला आल्या. त्यातल्या दोघी फटाक्याच्या कारखान्यात कामाला जातात. चढावर गाडी धरून ठेवायला त्यांना वेळ लागला नाही. आणखी कुणाला यायचं असेल तर यावं. डिझेल माझं.