माहेरी आलेली अध्यापिका आणि तिचे परदेशी विद्यार्थी

परदेश-अध्ययन सत्र, म्हणजे पदवी अभ्यासक्रमातील एक सत्र दुसऱ्या देशात, तेथील लोकांच्या सहवासात राहून पूर्ण करण्याची पद्धत, अमेरिकेत 1923 मध्ये रूढ होऊ लागली असे सामान्यतः मानले जाते. त्या वर्षी डेलावेअर विद्यापीठातील रेमंड कर्कब्राइड हे अध्यापक आठ विद्यार्थ्यांना घेऊन फ्रान्सला गेले. मात्र त्यांनी विद्यार्थ्यांना थेट पॅरिसच्या वर्गांत न बसवता आधी नान्सी या लहान शहरात भाषेच्या सरावासाठी ठेवले. महाराष्ट्रात अशा सत्रांचे मुख्य ठिकाण पुणे राहिले. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील महाविद्यालयांच्या संघाने तेथे दीर्घकाळ चालवलेल्या उपक्रमात विद्यार्थी मराठी शिकत आणि मराठी कुटुंबांत राहत. आंबेडकरी चळवळीच्या इतिहासकार एलिनॉर झेलियट यांचा या उपक्रमाशी निकटचा संबंध होता.

येथे ज्या अनुभवाचा विचार करावयाचा आहे, तो पुण्यातील सत्राआधी विद्यार्थ्यांना पिंप्राळ्यात उतरवणाऱ्या एका अध्यापिकेचा आहे. पिंप्राळा हे रेल्वेमार्गापलीकडचे जुने गाव आता जळगाव महानगरपालिकेच्या हद्दीत आले असले, तरी विठ्ठल मंदिराच्या आसपासची वस्ती अजून गाव म्हणूनच वागते. अध्यापिकेचे ते माहेर होते, आणि घरे मिळाली ती त्या ओळखीवरच. नान्सीने फ्रान्समध्ये जे काम केले ते पिंप्राळ्याने करावे, हा तिचा हिशेब होता. पण ज्या गावात तिला काहीच नवे नव्हते, तेथे अध्यापक म्हणून वावरणे अवघड जाईल, हे त्या हिशेबात धरलेले नव्हते.

आरंभीचे तास कागदपत्रांत गेले, कारण परदेशी नागरिक ज्याच्या घरी उतरतो त्या यजमानाला 24 तासांच्या आत पोलिसांकडे माहिती कळवावी लागते आणि ‘सी फॉर्म’ या नावाने ओळखला जाणारा हा अर्ज ऑनलाइन भरताना पारपत्र व व्हिसा यांचे तपशील हाताशी असावे लागतात. यजमान कुटुंबांना पाहुण्यांपेक्षा या अर्जाचीच धास्ती अधिक होती. तो भरून झाल्यावर मात्र घरांनी विद्यार्थ्यांचा ताबा घेतला, आणि अध्यापिकेच्या वाट्याला अध्यापनाऐवजी मध्यस्थी आली.

एका घरातील विद्यार्थिनी दुपारी खोलीचे दार आतून लावून झोपे. तिच्या दृष्टीने ती साधी विश्रांती होती, तर घरातील मावशींना त्यात राग दिसत होता. परंतु पाहुणीला तोंडावर विचारणे बरे नव्हे म्हणून ही तक्रार अध्यापिकेच्या आईमार्फत, स्वयंपाकघरातून स्वयंपाकघरात फिरत तिच्यापर्यंत पोचली. बाहेरून आलेल्या ‘मॅडम’ना हे कोणी सांगितले नसते, आषाढात माहेरी आलेल्या लेकीला सगळेच सांगत होते. त्यामुळे तिला माहिती भरपूर मिळत होती आणि अधिकार मात्र फारसा उरला नव्हता, कारण तिच्या सूचनांना ‘तुला काय कळतं, तू बस’ हे उत्तर तयार असे. असे अवघडलेपण समाजशास्त्राच्या क्षेत्रकार्यावरील पुस्तकांत ‘आतला’ आणि ‘बाहेरचा’ अभ्यासक या नावांनी येते. पिंप्राळ्यात ते ताटावर बसल्याबसल्या अनुभवास येत होते.

भाषेच्या बाबतीतही तिची लुडबुड अधिक होती. विद्यार्थी पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी शिकून आले होते, आणि या भागातील बोलण्यात ‘ळ’च्या जागी अनेकदा ‘य’ येतो, ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. यजमान घरातील आजींच्या प्रत्येक वाक्यानंतर अध्यापिका त्याचे प्रमाण रूप सांगू लागली, तेव्हा विद्यार्थी आजींकडे पाहायचे सोडून तिच्याकडे पाहू लागले. ती बाजूला झाली, की कळण्याच्या भाकरीचे पीठ, म्हणजे ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेले पीठ, थापता थापता चाललेली शिकवणी हातवाऱ्यांवरच भागे आणि चांगली भागे.

याचा खरा प्रत्यय आषाढी एकादशीच्या रथोत्सवात आला. उपवास न धरणाऱ्या पाहुण्यांसाठी वेगळा स्वयंपाक करण्याची तयारी घरोघरी होती. विद्यार्थ्यांनी मात्र भगर, साबुदाणा आणि शेंगदाण्याची आमटी यांवर असा हात मारला, की ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण कोणाला शिकवावी लागली नाही. अभ्यासक्रमाच्या पत्रकात त्या दिवसासमोर केवळ ‘निरीक्षण’ असे लिहिलेले होते, तरी अध्यापिकेजवळ वारकरी परंपरा, पंढरपूरला न जाऊ शकणाऱ्यांची भक्ती आणि जळगावात कार्तिकी एकादशीला निघणारा श्रीरामाचा रथ यांविषयीचे व्याख्यान तयार होते. ते गर्दीत राहून गेले. विद्यार्थ्यांचे लक्ष रथावरील मूर्तीपेक्षा चाकांजवळ वाकलेल्या माणसांकडे गेले. त्यांच्या हातात मोगरी होती. मोगरी म्हणजे फिरत्या चाकाखाली सरकवण्याचा लाकडी ठोकळा; रथाला ना सुकाणू ना ब्रेक, म्हणून त्याचा वेग आणि वळण या ठोकळ्यावरच सांभाळावे लागते, आणि तो कोणत्या क्षणी, कोणत्या बाजूने घालावा याचा अंदाज चुकला तर हातपाय गमावण्याचा धोका असतो. मोगरी लावणाऱ्यांपैकी एका काकांनी मंदिराच्या ओट्यावर बसून, खडूने रेघा ओढून विद्यार्थ्यांना हे समजावले. त्या संध्याकाळच्या टिपणांत भक्तीविषयी फारसे काही नव्हते; रस्त्याचा उतार, लाकडाचा प्रकार आणि हे काम कोण कोणाकडून शिकते, हे मात्र तपशिलाने लिहिलेले होते. व्याख्यान झाले असते तर विद्यार्थ्यांनी व्याख्यानच उतरवून घेतले असते.

परक्या देशात सोबत गेलेला अध्यापक विद्यार्थ्यांइतकाच गोंधळलेला असल्यामुळे त्यांच्या बरोबरीने शिकतो. आपल्याच गावात आलेल्याला प्रत्येक गोष्टीचे उत्तर आधीच माहीत असते, आणि सुरुवातीच्या दिवसांत हीच त्याची सर्वांत मोठी अडचण ठरते. अशा अध्यापकाने पहिला आठवडा व्याख्यान देऊ नये, हे त्यावरचे उत्तर आहे.

राहिला प्रश्न मोबदल्याचा. यजमान घरांना राहण्या-जेवणाचा खर्च दिला जातो आणि तो हिशेबात ‘निवास’ या सदरात टाकला जातो. ज्या गृहिणींनी भाषेचे आणि वागण्याचे पहिले धडे दिले, त्यांची नावे सत्राच्या कागदपत्रांत अध्यापकांच्या यादीत असावीत आणि त्यांचे मानधन ‘अध्यापन’ या सदरातून दिले जावे. अशी सत्रे आखणाऱ्या संस्थांनी पुढील करारापासूनच ही दुरुस्ती करावी.