वारा आणि पाठ

'वारा येईल तशी पाठ द्यावी' ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली तो गृहस्थ व्यवहारांत चतुर असेल. परंतु शिडाच्या होडींत तो कधीं बसला नसावा, असा आमचा दाट संशय आहे. वाऱ्याकडे पाठ करून जाणें हा शिडाच्या होडीचा वेगाचा मार्ग नव्हे, आणि वारा जोराचा असला म्हणजे तो निर्धोकहि राहत नाहीं. हें ज्ञान आम्हांस पन्नाशी उलटल्यावर झालें, आणि तेंहि हौसेनें नव्हे. आमची कन्या वयाच्या बाराव्या वर्षीं मुंबईच्या किनाऱ्यावर होडी चालविण्यास शिकूं लागली, आणि दोन हंगामांनंतर तिनें दूर पाण्यांत तरंगणाऱ्या बोयाला वळसा घालून एकटीनें परत येण्याची परवानगी मागितली. तिच्या मातुःश्रींनीं निर्णय आमच्यावर सोपविला. ज्या गोष्टीचें आपणांस कांहींच ज्ञान नाहीं तिला होकार देणें बेजबाबदारपणाचें, आणि नकार देणें फारच सोपें. म्हणून आधीं ती गोष्ट समजून घ्यावी असें आम्हीं ठरविलें.

तिची होडी लेझर जातीची. कॅनडाचे ब्रूस कर्बी यांनीं १९६९ सालीं तिचें रेखाटन केलें, आणि १९९६ सालीं ती ऑलिंपिक सामन्यांत दाखल झाली. लांबी ४.२३ मीटर, अंगाचें वजन सुमारें ५९ किलो. बसणारा एक आणि शीडहि एकच. मात्र त्याच होडीवर ७.०६, ५.७६ किंवा ४.७ चौरस मीटरचें शीड चढवितां येतें. वाढत्या अंगाच्या मुलाला आई कपडे वीतभर मोठे शिवते. येथें अंग तेवढेंच राहतें आणि चालविणाऱ्याचें वजन वाढेल तसा कपडा मोठा होतो. आमच्या कन्येचें शीड अर्थातच सर्वांत लहान.

आमचा पहिला प्रश्न अगदीं बाळबोध होता: वारा समुद्रावरून किनाऱ्याकडे वाहत असतां होडी समुद्राकडे जातेच कशी? आंग्र्यांच्या गुराबा-गलबतांचीं नांवें आम्हांस शाळेपासून पाठ आहेत, पण हा प्रश्न वर्गांत कोणीं विचारल्याचें स्मरत नाहीं. त्याचें उत्तर फणसाच्या आठळींत आहे. ओली आठळी दोन बोटांत दाबली तर ती दाबाच्या दिशेनें न जातां निसटून पुढें उडते. होडीचें एक बोट म्हणजे तिरपें धरलेलें शीड. पक्ष्याच्या पंखावरून वाहावा तसा वारा त्याच्या पाठीवरून वाहतो आणि होडीला बरीचशी आडवी व थोडी पुढें ओढतो. दुसरें बोट म्हणजे होडीच्या मध्यावरील फटींतून पाण्यांत उतरविलेली फळी; ती आडवें जाऊं देत नाहीं. उरतें तें पुढें निसटणें. तथापि यालाहि मर्यादा आहे. वारा जिकडून येतो त्या दिशेशीं सुमारें ४५ अंशांचा कोन राखावा लागतो. नाक त्याहून जवळ नेलें कीं शीड नुसतें फडफडतें. म्हणून बोया सरळ वाऱ्याच्या तोंडांत १,००० मीटरांवर असला, तर होडी नागमोडी जाऊन सुमारें १,४०० मीटर अंतर तोडते.

आतां परतीची वाट. पाठीवर वारा घेऊन सरळ घरीं येणें यासारखें सुख कोणतें, असें कोणासहि वाटेल. पण हिशेब निराळा आहे. वारा ताशीं १० सागरी मैल आणि होडी त्याच दिशेनें ४ मैल जात असेल, तर शिडाला मिळतो तो उरलेला ६ मैलांचा वारा. होडी जितकी धांवेल तितका तो आटत जातो. तोच वारा बाजूनें येत असतां होडी ५ मैल चालली, तर शिडाला ११ मैलांहून किंचित् अधिक वारा जाणवतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढत असल्यामुळें हा फरक दुपटीचा नसून जवळजवळ साडेतीनपटीचा आहे. ही आकडेमोड पाहून आम्हांस त्या म्हण रचणाऱ्याची कींव आली. शिवाय वारा पाठीमागून असतां शीड पूर्ण बाहेर सोडलेलें असतें. दिशा थोडी ढळली कीं वारा त्याच्या उलट्या अंगाला शिरतो, आणि खालचा आडवा दांडा एका क्षणांत या बाजूचा त्या बाजूला फिरतो. वाटेंत डोकें आलें तर डोक्याची गय नाहीं.

सर्वांत महत्त्वाची वस्तु मात्र शिडाची दोरी. नियम एवढाच, कीं फडफड सुरू होईपर्यंत शीड सोडावें आणि ती थांबेपर्यंतच ओढावें. याहून अधिक ओढलें तर शीड दिसायला ताठ, पण वारा त्याच्या पाठीवरून सुटतो, होडी मंदावते आणि कलते. मनुष्यस्वभाव नेमका याच्या उलट: भीति वाटली कीं मूठ आवळते. माघांतील एका दुपारीं आम्ही वाळूवर उभे असतां वायव्येकडून झोत आला. वारा १० मैलांवरून १४ वर गेला कीं त्याचा जोर दुप्पट होतो. होडी कलली, तिचा कांठ पाण्याला टेकला. शेजारचे एक गृहस्थ ओरडले, "अग, दोरी घट्ट धर!" एवढ्या अंतरावर तिला तें ऐकूं जाणें शक्य नव्हतें, हें भाग्यच. तिनें हातभर दोरी सोडली, पाय पट्ट्याखालीं अडकवून सारें अंग होडीबाहेर झोंकलें. शीड क्षणभर फडफडलें, आणि होडी सरळ होऊन जी निघाली ती पाण्यावरून घसरतच.

हें घसरणेंहि समजून घेण्यासारखें आहे. होडी चालतांना लाट उठविते, आणि त्या लाटेची लांबी होडीच्या लांबीएवढी झाली कीं ती आपणच केलेल्या खळग्यांत अडकून पडते. विल्यम फ्रूड यांनीं १८७२ सालीं इंग्लंडांत टॉर्की येथें हौद बांधून, त्यांत जहाजांचे लहान नमुने ओढून पाण्याच्या या अडवणुकीचा अभ्यास केला. लेझरच्या लांबीला ही मर्यादा ताशीं पावणेपांच सागरी मैलांच्या आसपास येते. पण अंग हलकें व तळ सपाट असल्यामुळें वारा बरा असला कीं ती स्वतःच्याच लाटेवर चढून बसते.

सुकाणूविषयीं फार लिहिण्यासारखें नाहीं. तें जितकें कमी हलेल तितकें बरें, कारण प्रत्येक हिसका म्हणजे पाण्यांतला अडसर. होडी कलूं दिली कीं ती वाऱ्याकडे तोंड वळवूं पाहते आणि सुकाणूचा दांडा हाताला जड लागतो. तें दुखणें सुकाणूचें नसून कलण्याचें असतें. याच स्वभावाचा एक गुण असा, कीं दोरी व सुकाणू दोन्ही सोडलीं तर होडी बहुधा वाऱ्याकडे नाक करून थांबते. आम्हांस रात्रीं झोंप लागली ती या एका गोष्टीच्या आधारावर.

अखेर आम्हीं परवानगी दिली आणि तीन अटी घातल्या. पहिली, सकाळीं मतलई वारा असतां जायचें नाहीं. दुपारचा खारा वारा अडलेल्या होडीला किनाऱ्याकडे आणतो, मतलई तिला बाहेर नेतो. दुसरी, शिडाची दोरी कोठेंहि बांधून ठेवायची नाहीं, ती हातांतच राहिली पाहिजे. तिसरी, परततांना वारा सरळ पाठीवर न घेतां तिरपें यायचें, आणि बाजू पालटतांना दांड्यापासून डोकें जपायचें. पहिल्या दोन तिनें मुकाट्यानें मान्य केल्या. तिसरी ऐकून ती म्हणाली, "बाबा, वारा फार असला तर आम्ही तसें पालटतच नाहीं. वाऱ्याकडे तोंड करून पूर्ण गिरकी घेतों. थोडा वेळ जातो, पण दांडा हळू येतो."

आम्हीं तिच्या मातुःश्रींकडे पाहिलें. त्या उठून कोरडे कपडे पिशवींत भरूं लागल्या होत्या.