दोघांची सहल, तिसऱ्याची साथ

मार्गशीर्ष सरत आला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न दरवर्षी नेमाने येतो. रक्तदाब मोजून होतो, चिठ्ठी हातात पडते आणि उठता उठता ज्येष्ठ रुग्ण जरा संकोचाने विचारतात, "डॉक्टर, हुरड्याला जाऊन आलं तर चालेल का ओ?" सोबत आलेल्या मुलाने किंवा सुनेने बहुधा तोवर नकारार्थी मान हलवलेली असते.

या प्रश्नाला मी सहसा हसून टाळत नाही, कारण सोलापूरकराच्या दृष्टीने तो केवळ खाण्याचा प्रश्न नसतो. आपल्या काळ्या जमिनीतली रब्बी ज्वारी पौषाच्या सुमारास हुरड्यात येते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्या ज्वारीची महती त्याच्या कितीतरी आधीची आहे. दुष्काळात उपाशी माणसांसाठी कोठारे खुली करणाऱ्या दामाजीपंतांचे गाव ते हेच. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या गावांत वेळा अमावस्येला अख्खे घर शेतावर जाते, कडब्याच्या कोपीत पूजा होते, भज्जी आणि आंबिलाचे जेवण होते. त्यानंतर आगट्या पेटू लागतात. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात गोवऱ्यांचा विस्तव, त्यात भाजलेली कणसे, तळहातावर चोळून काढलेले गरम हिरवे दाणे आणि सोबत शेंगांची चटणी. ज्यांचे बालपण यात गेले त्यांना सत्तरीनंतर "आता हे तुमच्यासाठी नाही" असे सांगणे, हा वैद्यकीय सल्ला देताना फार जपून उच्चारावा असा शब्द आहे.

अर्थात काहींना थांबावेच लागते. छातीतले दुखणे हल्ली वाढले असेल, आडवे होताच धाप लागत असेल, पायांची सूज चढत असेल, ताप वा नवा खोकला असेल किंवा रुग्णालयातून नुकतेच घरी आले असतील, तर आधी तपासणी, मग सहलीचा विचार. बाकीच्यांच्या बाबतीत "जावे की नाही" यापेक्षा "कसे जावे" हे ठरवणे अधिक उपयोगाचे ठरते.

तीन वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. गिरणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, वय अठ्ठ्याहत्तर. पत्नीला पाच वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला. डावा हात जवळजवळ निकामी, चालणे आधाराने. मुलगा पुण्याला. तिची आंघोळ, औषधे, वेणीफणी, रात्रीचे उठणे-बसणे, सारे हे गृहस्थ एकट्याने करीत. त्यांनी हुरड्याचे विचारले तेव्हा पुण्याहून मुलाचा फोन आला, "डॉक्टर, त्यांना तुम्हीच नाही म्हणा." मी त्याला एकच विचारले, "तुझे बाबा शेवटचे निवांत कधी बसले होते?" त्याला उत्तर देता आले नाही.

वृद्ध जोडप्यातला एक जण दुसऱ्याची शुश्रूषा करीत असतो तेव्हा घरात हळूहळू पती आणि पत्नी उरत नाहीत. एक रुग्ण आणि एक परिचारक उरतो. दिवसभराचे बोलणे गोळी, लघवी आणि जेवण यांभोवती फिरू लागते. शुश्रूषा करणाऱ्याची झोप तुटते, स्वतःच्या तपासण्या पुढे ढकलल्या जातात, चिडचिड वाढते आणि त्या चिडचिडीची त्यालाच लाज वाटते. अशा घरातून दोघांनी मिळून शेतावर जाणे म्हणजे तेच काम अधिक गैरसोयीच्या जागी करणे होऊ शकते. म्हणून मी त्या मुलाला सांगितले, "संक्रांतीला गड्ड्यासाठी येतोसच, तेव्हा एक दिवस अधिक काढ. आईला उठवण्या-बसवण्याचे, औषधांचे, शौचाला नेण्याचे काम त्या दिवशी तुझे. बाबांनी फक्त तिच्याशेजारी बसायचे."

दोघांच्या सहलीत तिसरा माणूस हवा, तो याच्यासाठी. घरातला कोणी नसेल तर भाचा, शेजारचा विश्वासू मुलगा, पगारी मदतनीस, कोणीही चालेल. निघण्याच्या आदल्या दिवशी त्याला सारी कामे समजावून द्यावीत आणि मग खरोखर त्याच्यावर सोपवावीत.

आता तयारीविषयी. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयावरचा भार वाढतो. पहाटेची वेळ त्यात अधिक जोखमीची. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत दुपार तिशीच्या घरातल्या अंशांची आणि पहाट त्याच्या जेमतेम निम्म्या अंशांची असते. म्हणून पहिली सहल दिवसाचीच ठेवावी. ऊन चढल्यावर निघावे आणि ऊन असतानाच परतावे. एका जाड कोटापेक्षा काढता-घालता येतील असे दोन-तीन थर बरे. कानटोपी आणि मोजे विसरू नयेत, कारण वय वाढले की थंडीची जाणीवही उशिरा होते.

प्रवासात लघवीची अडचण नको म्हणून पुष्कळ जण पाणी पिणे थांबवतात आणि लघवीची गोळीही परस्पर बंद करतात. दोन्ही गोष्टी घातक आहेत. गोळीची वेळ त्या दिवशी बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. शेतावर कमोड नसेल तर खुर्चीचा कमोड गाडीतून नेता येतो; त्यात कमीपणा नाही. मधुमेहींनी हुरड्यासाठी पोट रिकामे ठेवून निघू नये; गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण लांबले तर साखर एकदम उतरते, घाम फुटतो, थरथर होते, बोलण्यात गोंधळ दिसतो. शुद्धीवर असलेल्या माणसाला अशा वेळी लगेच साखर किंवा गूळ द्यावा. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये.

हुरडाही धान्यच आहे. दाणे भाकरीच्या ऐवजी खावेत, भाकरीनंतर नव्हे. चटण्यांतले मीठ रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या रुग्णांना बाधते. त्यांनी चव घ्यावी, वाटी संपवू नये. कवळी असलेल्यांनी थोडे थोडे, सावकाश चावावे. पक्षाघातानंतर किंवा कंपवातात ज्यांना पाणी पितानाही ठसका लागतो, त्यांना मात्र दाणे देऊ नयेत. ते श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. त्यांच्यासाठी हुरडा वाटून, शिजवून दाटसर पेज करता येते. ती ताठ बसवून, छोट्या घासांनी द्यावी.

आगटीचा धूर दमेकऱ्यांना सोसत नाही. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला, अंतर राखून खुर्ची मांडावी आणि श्वासाचा पंप खिशातच ठेवावा. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी ते विस्तवाजवळ नेऊ नयेत, गरम पाण्याची पिशवीही लावू नये; भाजल्याचे कळत नाही. ढेकळांतून आणि जमिनीच्या भेगांतून अनवाणी चालू नये. मुक्काम करायचाच असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी: बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस झोपेतच दगावतो. रात्री उठताना आधी मिनिटभर काठावर बसावे, मग उभे राहावे. बॅटरी उशाशी असावी. औषधे एक दिवस जादा, चिठ्ठीची प्रत, जवळच्या रुग्णालयाचा रस्ता आणि १०८ हा क्रमांक सोबतच्या माणसाला ठाऊक असावा.

त्या गृहस्थांच्या पत्नीला गिळण्याचा त्रास नव्हता, हे मी तपासून घेतले होते. संक्रांतीनंतर चार दिवसांनी ते रक्तदाब दाखवायला आले. सांगू लागले की मुलाने आईला झाडाखाली खुर्चीत बसवले, आणि हे शेजारी कणीस चोळायला बसले. आयुष्यभर हुरडा तिनेच चोळून दिलेला. यांना कुठला जमणार? निम्मे दाणे मातीत. "अहो, असं नव्हे, कणीस गरम असतानाच चोळायचं असतं," असे म्हणून तिने उजवा हात पुढे केला. यांनी कणीस धरले, तिने चोळले आणि फुंकर घालून भूस उडवले.

"पाच वर्षांनी ती मला रागावली, डॉक्टर," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती.

तिचा हात त्या दिवसाने बरा झाला नाही. तसे होणारही नव्हते. मात्र महिन्यातून एक दिवस आईवडिलांकडे यायचे आणि सारी शुश्रूषा आपल्याकडे घ्यायची, हे मुलाने तेव्हापासून ठरवून टाकले. त्या दिवशी दोघे कधी सिद्धेश्वर तलावाकाठी बसतात, कधी नुसते अंगणात. शेत प्रत्येकाला लाभेलच असे नाही. पण आपल्या घरात कोणी वृद्ध माणूस दुसऱ्या वृद्ध माणसाला सांभाळत असेल, तर या थंडीत एक दिवस त्याच्या हातातले काम आपण घ्यावे आणि त्या दोघांना उन्हात शेजारी शेजारी बसू द्यावे. दोघांपैकी कोणाचीही तपासणी करताना मी हल्ली ही सूचना औषधांच्या खाली, त्याच चिठ्ठीवर लिहून देतो.